मोजणीवाल्या साहेबांची नजर

आमचे घरमालक कुणालाही ‘डावीकडे वळा’ असं सांगत नसत. ‘तुमी फिरले की तुमचं डावं फिरते. उत्तर काही फिरत नाई,’ असं त्यांचं म्हणणं. वर्ध्याजवळच्या पिपरी मेघेतल्या त्यांच्या घरी भाड्याची जागा पाहायला जायचं होतं म्हणून मी फोनवर पत्ता विचारला, तेव्हा मिळालेलं उत्तर वहीत जसंच्या तसं लिहून घेतलं होतं. ‘चौकातल्या औषधाच्या दुकानापासून उत्तरेले एकशे दहा पावलं. तिथून पूर्वेले चाळीस. निळं फाटक. पावलं माही हायेत, तुमची जास्त भरतीन.’ मला शिस्तीची सवय, म्हणून मी खरंच मोजत गेले. फाटकाशी एक उंच, सडपातळ गृहस्थ उभे होते. त्यांनी नमस्काराच्या आधी विचारलं, ‘किती भरली?’ मी म्हटलं, ‘एकशे बावीस आणि चव्वेचाळीस.’ त्यांनी मान डोलावली आणि वरच्या मजल्याची किल्ली माझ्या हातात ठेवली. माझ्याआधी दोन कुटुंबं येऊन गेली होती. त्यांनी पावलं मोजली नव्हती, एवढाच त्यांचा दोष.

परवा तुम्ही दोघांनी विचारलंत, आजी, तुला भेटलेला सगळ्यात विक्षिप्त माणूस कोण? मी हसून विषय बदलला, कारण ही गोष्ट फोनवर सांगून होण्यासारखी नाही. म्हणून लिहिते आहे. तुमचं मराठी वाचन सुटू नये हाही हेतू आहे आणि तो मी लपवत नाही.

ते जमीनमोजणीच्या खात्यातून निवृत्त झाले होते. सगळे त्यांना मोजणीवाले साहेब म्हणत. मीही साहेबच म्हणू लागले. ते मला मॅडम म्हणत, कारण मी कॉलेजात इंग्रजी शिकवून निवृत्त झाले होते. त्यांचं मूळ गाव रोहणा, आर्वी तालुक्यातलं. त्यांच्या वडिलांचं सारं आयुष्य दुसऱ्यांच्या शेतात मजुरी करण्यात गेलं. उतारवयात त्यांनी चार एकर जमीन केली. आणि त्यांचा हा मुलगा शिकून, साखळी आणि नकाशे घेऊन, त्याच तालुक्यातल्या मोठमोठ्या शेतकऱ्यांचे धुरे ठरवायला जाऊ लागला. धुरा म्हणजे दोन शेतांमधला बांध. आपल्याकडे भाऊ-भाऊ एकमेकांशी बोलेनासे होतात ते बहुतेक या धुऱ्यावरूनच.

‘अंदाजे’ हा शब्द त्यांच्या घरात चालत नसे. ‘अंदाज म्हंजे आळस,’ ते म्हणत. खिशात गाठी मारलेली सुतळी असायची. दोन गाठींत बरोबर एक वीत. भाजीवाल्याच्या दुधी भोपळ्याची लांबी, अंगणातल्या कढीपत्त्याची वाढ, वहिनींनी घातलेल्या रांगोळीची चौकट, सगळ्याला ती सुतळी लागायची. वहिनी, म्हणजे त्यांची पत्नी, हसऱ्या आणि फटकळ. त्या मला सांगत, ‘मले पाहाले आले तं माह्या बाबाले इचारलं, आंगण किती हात हाय. पोरीचं नाव इचारलं नाई वो माय.’ साहेब आतून म्हणायचे, ‘नाव पत्रिकेत लिहिलं होतं. आंगण लिहिलं नोतं.’

आणखी एक सवय. कुठलीही दूरची वस्तू पाहायची झाली की ते डावा डोळा मिटून घेत आणि एका उजव्या डोळ्यानं पाहत. मोजणीच्या फळीवरून दूरची खूण रोखून पाहायची ती पद्धत. तीस-पस्तीस वर्षांच्या नोकरीत ती अंगात मुरली होती. सकाळचा चहा ते गच्चीवर उभ्यानं घेत आणि तसा एक डोळा मिटून चौकातल्या पाण्याच्या टाकीवरची रंगवलेली अक्षरं मोठ्यानं वाचत. सत्तरीला आले होते, दूरचा चष्मा नव्हता. ही त्यांची रोजची नेत्रतपासणी. ‘टाकी दिसली, म्हंजे डोये ठीक हायेत,’ असं म्हणून ते खाली उतरत.

आता ज्या सवयी मला आवडत नव्हत्या त्या सांगते. ते गल्लीच्या अगदी मधून चालत. स्कूटरवाले भोंगे वाजवत, तरी बाजूला होत नसत. जिन्यात मी बाजूनं ‘गुड मॉर्निंग, साहेब’ म्हटलं की उत्तर येत नसे, आणि मग एकदम दचकून, ‘मॅडम, समोरून बोलत जा. असं आडून नाई,’ अशी तक्रार येई. पायऱ्यांच्या कडांना त्यांनी चुन्यानं पांढरे पट्टे ओढले होते आणि दर महिन्याला ते नव्यानं ओढत. वाटेतल्या बादलीला पाय लागला की वहिनींवर आळ. ‘मुद्दाम ठेवता तुमी.’ वहिनी म्हणत, ‘हौ, मुद्दाम. बादलीले मीच शिकवलं तुमच्या पायात याले.’ मी मनात नोंद केली होती की गृहस्थ हुशार आहेत, पण घमेंडी आणि चिडखोर आहेत. दोन वर्षं मी या मतावर ठाम होते.

त्यांना एक धाकटा भाऊ होता. तो रोहण्यालाच शेती करायचा. त्याचं नाव घरात निघत नसे. का, ते वहिनींनी मला एका दुपारी तूर पाखडताना सांगितलं.

वडिलांच्या मागे दोघा भावांनी दोन-दोन एकर वाटून घेतले होते. मधला धुरा साहेबांनी तरुणपणी स्वतः आखला होता आणि त्यावर हद्दीचा दगड स्वतः पुरला होता. निवृत्तीनंतर तीन वर्षांनी त्यांना वाटलं, एकदा तपासून पाहावं. मोजणीचा रिवाज असा की, लगतच्या शेतकऱ्यांना आधी कळवायचं, त्यांच्यासमोर मोजायचं आणि शेवटी कागदावर सगळ्यांच्या सह्या घ्यायच्या. साहेबांनी तो रिवाज घरच्या धुऱ्यालाही लावला. चार शेजारी बोलावले. साखळी धरून ते धुऱ्यावरून दोनदा या टोकापासून त्या टोकापर्यंत गेले. दगड दिसला नाही. तेव्हा सगळ्यांसमोर ते धाकट्याला म्हणाले, ‘दगड तू हलवला.’

धाकटा काय म्हणाला, ते वहिनींनी त्याच्याच सुरात सांगितलं. ‘तुमी साहेब हाव. तुमाले दिसला नाई म्हंजे नाई.’ एवढं बोलून तो निघून गेला. साहेबांनी आपल्या हिशेबानं नवा दगड पुरला, कागद केला, शेजाऱ्यांच्या सह्या घेतल्या. त्या दिवसापासून भावाभावांत बोलणं नाही. सण नाही, मयत नाही. पुतणीच्या लग्नाला साहेब गेले नाहीत आणि त्या दिवशी जेवलेही नाहीत.

‘भाऊजी चोर नाई,’ वहिनी म्हणाल्या. ‘पण यायच्या नजरेले चूक कोण म्हनन?’

माझा मोतीबिंदू वाढत होता. तपासणीच्या दिवशी बाहुली मोठी करायचे थेंब घालतात, मग दोन-तीन तास नीट दिसत नाही, म्हणून सोबत कुणीतरी लागतं. साहेब म्हणाले, ‘मी येतो. रस्ता मले पाठ हाय.’ आम्ही वर्ध्यातल्या डोळ्यांच्या इस्पितळात गेलो. तपासणाऱ्या मुलीनं मला अक्षरांच्या पाटीसमोर बसवलं. मी चौथ्या ओळीवर अडखळले, तर माझ्या खुर्चीमागून साहेबांनी शेवटची ओळ खणखणीत वाचून दाखवली.

‘काका, तुमचा नंबर नाही आत्ता,’ ती मुलगी हसून म्हणाली.

‘मॅडमले दिसत नाई. मले दिसते. म्हणून वाचलं.’

‘मग बसा. तुमचेही बघू.’

ते ऐटीत पुढे आले आणि बाजूच्या स्टुलावर त्यांचा गुडघा जोरात आपटला. ‘हे इथं काऊन ठेवलं?’ ते ओरडले. स्टूल चांगलं मोठं होतं, पांढरं होतं आणि उजेडात होतं. त्या मुलीचं हसू थांबलं. तिनं त्यांच्या डोळ्यांचा दाब तपासला, एकदा, मग पुन्हा एकदा, आणि त्यांना आत डॉक्टरांकडे नेलं. माझ्या डोळ्यांत थेंब घालून मलाही त्यांनी बरोबर बोलावलं.

डॉक्टर चाळिशीच्या, कमी बोलणाऱ्या बाई होत्या. त्यांनी साहेबांचा एक डोळा झाकला, म्हणाल्या, ‘माझ्या नाकाकडे बघा. नजर हलवू नका. आता सांगा, बोटं किती?’ आणि हात बाजूला, जरा खाली धरला. बोटं दोन होती. माझ्या पसरलेल्या बाहुल्यांनासुद्धा ती दिसत होती.

साहेब म्हणाले, ‘कुठी?’

‘इथे.’

‘समोर आणा न.’

डॉक्टरांनी हात हळूहळू समोर आणला. बराच आणावा लागला. तेव्हा ते म्हणाले, ‘दोन.’

मग एका मशीनची तपासणी झाली. पांढऱ्या मोठ्या कढईसारखं ते यंत्र. त्यात तोंड घालून मधल्या ठिपक्याकडे पाहायचं आणि आजूबाजूला कुठेही दिवा चमकला की हातातलं बटण दाबायचं. साहेब बाहेर आले ते तक्रार घेऊनच. ‘मशीन बिघडली हाय. मधातले चार-दोन दिवे लागतात, बाकीचे लागतच नाई.’ त्या मुलीनं कागद डॉक्टरांच्या टेबलावर ठेवला.

कागदावर दोन गोल होते, पांढऱ्या-करड्या-काळ्या ठिपक्यांचे. साहेबांनी तो उचलून सरळ डोळ्यांसमोर धरला. आयुष्य नकाशे वाचण्यात गेलेलं. त्यांना फार समजवावं लागलं नाही.

‘हा नकाशा कोनाचा?’

‘हा तुमचा डावा डोळा. हा उजवा.’

‘काळं म्हंजे?’

‘तिथलं दिसत नाही.’

डावा जवळजवळ सगळा काळा होता. उजव्यात मधे एक पांढरा तुकडा, आणि खालची सगळी बाजू काळी. काळ्या भागाच्या कडेवरून त्यांनी बोट फिरवलं, शेताची हद्द दाखवावी तसं, या टोकापासून त्या टोकापर्यंत.

‘म्हंजे समोर पाहून चाललो तं पायाजवळचं मले दिसत नसन.’

‘नसणार. आणि दिसत नाही हे कळतही नाही. तिथं काळं दिसत नाही ना, मेंदू आपल्या मनानं जागा भरून काढतो. दुखत नाही, लाल होत नाही. म्हणून लोक उशिरा येतात.’

‘किती सालापासून असन हे?’

‘नक्की सांगता येणार नाही. पण बरीच वर्षं झाली असावीत.’

‘परत येत नाई?’

‘गेलेलं परत येत नाही,’ डॉक्टर म्हणाल्या. ‘उरलेलं राखता येतं. याला काचबिंदू म्हणतात. रोज थेंब घालायचे. जन्मभर.’ मग त्यांनी विचारलं, ‘सख्खे भाऊ-बहीण आहेत?’

साहेब खिडकीकडे पाहत राहिले. उत्तर मला ठाऊक होतं, पण ते देणं माझं काम नव्हतं.

‘एक हाय,’ ते शेवटी म्हणाले. ‘लहाना.’

‘त्यांना घेऊन या. सख्ख्या भावंडांत हा असायची शक्यता इतरांपेक्षा पुष्कळ जास्त असते. तुमच्यापेक्षा वयानं लहान आहेत, म्हणजे अजून वेळ असेल. आत्ता धरला तर त्यांची नजर वाचेल.’

परतताना मला उन्हात दिसत नव्हतं, म्हणून मी त्यांचा हात धरला होता. त्यांना बाजूचं दिसत नव्हतं, म्हणून त्यांनीही माझा सोडला नाही. औषधाच्या दुकानाशी ते थांबले. त्या दिवशी त्यांनी एकही पाऊल मोजलं नव्हतं. म्हणाले, ‘मॅडम, दगड तिथंच असन.’

इथे थोडं तुमच्यासाठी. मोतीबिंदूत डोळ्यातलं भिंग गढूळ होतं. ते काढून दुसरं बसवतात आणि दिसायला लागतं, जसं मला लागलं. काचबिंदूत डोळ्यापासून मेंदूकडे जाणारी नस झिजत जाते, बहुतेक वेळा आतला दाब वाढल्यानं, कधीकधी दाब ठीक असूनही. ती नस बदलता येत नाही. आधी कडेचं जातं, अगदी शेवटी मधलं. म्हणून पाटीवरची अक्षरं वाचता येतात आणि पायापाशी ठेवलेली बादली दिसत नाही. चष्म्याचा नंबर काढला म्हणजे डोळे तपासले असं होत नाही. दाब मोजायला हवा, आतली नस पाहायला हवी, आणि चाळिशीनंतर हे ठरवून, नेमानं करायला हवं. घरात कुणाला असेल तर त्याही आधी. तुमच्या बाबांना चाळीस लागून सहा वर्षं झाली. आणि डोळा लाल झाला म्हणून दुकानातून आपल्या मनानं थेंब आणून महिनोन्महिने घालायचे नाहीत. काही थेंबांनीच दाब वाढतो.

घरी आल्यावर त्यांनी वहिनींना सगळं सांगितलं, एखादा अहवाल द्यावा तसं. वहिनी ऐकत होत्या. मग त्या उठल्या, मोरीजवळची बादली उचलून त्यांनी भिंतीला लावली आणि तिथेच पाठमोऱ्या उभ्या राहिल्या. पुन्हा त्या घरात बादलीवरून भांडण झालं नाही.

भावाला कळवायचं होतं. फोन करायला ते तयार नव्हते. मला म्हणाले, ‘मी सांगतो, तुमी लिहा.’ मी ‘प्रिय भाऊ’ असं लिहिलं, ते त्यांनी खोडायला लावलं. पत्र असं झालं: ‘विषय: डोळे तपासून घेणेबाबत. उपरोक्त विषयास अनुसरून आपणास कळविण्यात येते की...’ मी म्हटलं, साहेब, हे भावाला लिहिलेलं वाटत नाही. ते म्हणाले, ‘सहा साल बोललो नाई. कोन्या तोंडानं प्रिय लिहू?’

आठवड्यानं वहिनींच्या फोनवर धाकट्याचं उत्तर आलं. त्यांना कमी ऐकू यायचं म्हणून त्या फोन मोठ्या आवाजात ठेवत, त्यामुळे ते सगळ्यांनीच ऐकलं.

‘वहिनी, दादाले सांगजा, जमिनीवर नोटीस काढली, आता माह्या डोयावरबी काढली काय? मले इथून त्या धुऱ्यावरचं कपाशीचं बोंड दिसते. अन् असला कोनता बिंदू, तं पिकू द्या. पिकला की काढू.’

‘भाऊजी, हा पिकत नाई म्हनते. हा खातेच नुसता.’

‘खाऊ द्या. माह्यं खानारे आधीच लय हायेत.’

फोन ठेवला गेला. साहेब पलंगावर बसून होते. वहिनी म्हणाल्या, ‘तुमी जाऊन माफी मागा न आता.’

‘माफी तोंडी असते,’ ते म्हणाले. ‘मी आळ कागदावर घेतला. चौघांच्या सह्या हायेत त्याच्यावर.’

त्या रात्री नव्हे, पण दोन-तीन दिवसांत त्यांनी ठरवलं. धुऱ्याची फेरमोजणी. चारही शेजाऱ्यांना आणि भावाला रीतसर कळवलं: अमुक वारी, सकाळी आठ वाजता, हद्दीवर हजर राहावं. मी विचारलं, भाऊ येईल का? ते म्हणाले, ‘भाऊ म्हणून येनार नाई. लगतचा शेतकरी म्हणून येईन. धुरा मोजाचा म्हटलं की वैरीबी येते.’

मार्च महिना होता. तूर, हरभरा निघून गेला होता, जमीन मोकळी होती. साहेब, वहिनी आणि मी पहाटेच्या एसटीनं गेलो. मोहाच्या झाडाखाली चार शेजारी आधीच येऊन बसले होते. थोडा दूर धाकटा उभा होता. ठेंगणा, दणकट, डोक्याला दुपट्टा. त्यानं वहिनींना वाकून नमस्कार केला, मला ‘जयभीम, मॅडम’ म्हणाला. मोठ्या भावाकडे पाहिलं नाही.

‘साखळी कुठी हाय, साहेब?’ एका म्हाताऱ्या शेजाऱ्यानं विचारलं.

‘साखळी आनली नाई.’

त्यांनी चपला काढल्या. सहा वर्षांपूर्वी स्वतः पुरलेल्या नव्या दगडापाशी ते गेले आणि पांढरा पायजमा घातलेले ते सत्तरीचे साहेब धुऱ्यावर गुडघे टेकून, हातांवर ओणवे झाले. वहिनी पुढे झाल्या, तर म्हणाले, ‘कोनी दाखवू नोका मले.’ आणि ते तळहातांनी जमीन चाचपत सरकू लागले. कुंद्याचं चिवट गवत वाळून टोचरं झालं होतं. ढेकळं होती, काटे होते. एक शेजारी हसला, मग त्याचं त्यालाच कसंतरी झालं. धाकटा बघत होता. त्याचे हात कमरेवर होते, ते खाली आले.

दोन-अडीच हात अंतर गेल्यावर साहेबांचा डावा हात थांबला. त्यांनी गवत बाजूला केलं, माती खरवडली. वर फुलीची खूण कोरलेला दगड होता. ती फुली त्यांनीच तरुणपणी छिन्नीनं कोरली होती. तिच्यावरून त्यांनी अंगठा फिरवला.

‘इथंच होता,’ ते म्हणाले. उठले नाहीत, तसेच बसले. ‘हलला नाई. मले दिसला नाई.’

‘मले ठाव होतं,’ धाकटा म्हणाला. सहा वर्षांत तो पहिल्यांदा त्यांच्याशी बोलत होता.

‘मंग सांगतलं काऊन नाई?’

‘तुमी इचारलं कुठी? तुमी तं सांगून राह्यले होते.’

साहेब उठून मोहाखाली आले. त्यांनी मला कागद काढायला सांगितला. मोहाच्या सावलीत बसून मी लिहिलं, ते सांगत गेले: हद्दीचा दगड मूळ जागी मिळून आला. तो कोणीही हलवलेला नाही. मागील मोजणीच्या दिवशी तो मोजणाऱ्याला दिसला नाही, कारण मोजणाऱ्याच्या डोळ्यांस काचबिंदू आहे. चारही शेजाऱ्यांनी सह्या केल्या. पेन धाकट्याच्या हातात गेला. त्यानं कागद दोनदा वाचला आणि परत केला.

‘हे दगडाचं लिहिलं,’ तो म्हणाला. ‘मानसाचं लिहा.’

साहेबांनी कागद पुन्हा माझ्यापुढे सरकवला. मग त्यांनी सांगितलं आणि मी लिहिलं: धाकट्या भावावर घेतलेला चोरीचा आळ खोटा होता. धाकट्यानं सही केली. एकेक अक्षर सावकाश.

‘आता माह्यं एक आयक,’ साहेब म्हणाले. ‘डोये दाखव.’

‘मले काही झालं नाई, दादा. दिसते सारं.’

‘मलेबी टाकीवरचे अक्षर दिसत होते रोज. हा दगड नाई दिसला.’

धाकट्यानं दगडाकडे पाहिलं. मग मोठ्या भावाच्या हातांकडे, त्यांना काटे लागून रक्त आलं होतं. डोक्याचा दुपट्टा काढून त्यानं तो त्यांच्या तळहाताला गुंडाळला आणि गाठ मारताना, मान वर न करता विचारलं, ‘परतीची गाडी किती वाजता हाय?’

दुसऱ्याच दिवशी तो इस्पितळात आला. साहेबांना आत जाऊ दिलं नाही, म्हणून ते मशीनच्या खोलीच्या दाराशी, भिंतीला कान लावून उभे राहिले. आतून बटणाचा आवाज येत होता. टक, टक, मग थोडं थांबून टक. त्यांच्या वेळी मी बाहेर बसले होते, तेव्हा आतून जवळजवळ काहीच ऐकू आलं नव्हतं.

‘लय दाबून राह्यला,’ ते मला म्हणाले. ‘आयकता का तुमी?’

उजवा डोळा साफ होता. डाव्यात सुरुवात झाली होती. दाब दोन्हींत वाढलेला होता. डॉक्टर म्हणाल्या, अगदी वेळेवर आलात, थेंब चुकवले नाहीत तर ही नजर बहुतेक जन्मभर पुरेल. साहेबांनी कागद मागितला. खोलीत उजेड कमी होता, त्यांना काही कळेना. तेव्हा धाकट्यानं त्यांचं बोट धरून कागदावर ठेवलं.

‘हे एवढं गेलं, दादा. चन्याएवढं.’

‘अन् बाकी?’

‘बाकी पांढरं हाय.’

‘सारं?’

‘सारं.’

साहेब मागे सरकून खुर्चीवर बसले. आपला कागद पाहिला तेव्हा ते रडले नव्हते. आता डोळे पुसत होते. डॉक्टर म्हणाल्या, ‘चोळू नका.’

त्यानंतर ते सात वर्षं जगले. थेंब घालण्याचं काम त्यांनी मोजणीइतक्याच काटेकोरपणे केलं. पलंगावर उत्तरेकडे पाय करून आडवं व्हायचं, एकच थेंब, डोळा मिटून नाकाजवळच्या कोपऱ्यावर बोट दाबून धरायचं, दुसऱ्या बाटलीआधी पाच मिनिटं थांबायचं. एकदा दाब उतरलेला पाहून त्यांनी डॉक्टरांना विचारलं होतं, आता बंद करू का? त्या म्हणाल्या, ‘रानडुकरं दिसली नाहीत म्हणून शेतातली रात्रीची जागल सोडता का?’ पुन्हा त्यांनी विचारलं नाही. तरी उशीर झालेला होताच. डावा डोळा गेला, उजव्यातला पांढरा तुकडा लहान होत होत झरोक्याएवढा उरला. त्यातून ते वहिनींचा चेहरा पाहत आणि मी वाचून दाखवलेल्या बातमीचा मथळा ताडून घेत.

रोज संध्याकाळी साडेसातला ते भावाला फोन लावत. दोघांचं बोलणं मी वरच्या मजल्यावरून ऐकलेलं आहे. ‘टाकले?’ ‘टाकले.’ मग फोन ठेवून द्यायचे. सणाच्या दिवशीही याहून जास्त बोलत नसत.

गेल्या थंडीत साहेब छातीच्या आजारानं गेले. धाकटा आठ दिवस राहून, सगळं करून रोहण्याला परत गेला. त्या दिवशी संध्याकाळी मी खाली वहिनींजवळ बसले होते. साडेसात वाजले आणि साहेबांचा फोन वाजला. तो कुणी बंदच केला नव्हता. वहिनी त्याच्याकडे बघत राहिल्या. मग त्यांनी तो उचलला आणि नेहमीसारखा मोठ्या आवाजात ठेवला.

पलीकडे धाकटा होता. तो म्हणाला, ‘टाकले.’

‘हौ, भाऊजी,’ वहिनी म्हणाल्या. ‘सांगीन त्यायले.’